मादागास्करचा रंगेल

मादागास्करच्या उत्तरेला अंबिलोबे नावाचे एक बाजारगाव आहे. भोवताली उसाची शेती, गावातून जाणारा राष्ट्रीय मार्ग क्रमांक ६ आणि रस्त्याच्या कडेने धुळीने माखलेली झाडेझुडपे. असल्या आडगावाचे नाव युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांना तोंडपाठ असते. त्याचे कारण त्या झुडपांत बसलेले असते. हिरव्या किंवा तांबूस अंगावर वरून खाली निळे वा लाल पट्टे, त्यांच्यामधून पिवळी झाक, तोंडावर लाल शिंतोडे आणि कुशीवरून मानेपासून मागे गेलेली एक फिकट आडवी रेघ. इतके रंग एका अंगावर असूनही तो बटबटीत दिसत नाही. हा पँथर शॅमेलिऑनचा नर. शास्त्रीय नाव फुर्सिफर पार्डालिस. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए याने १८२९ मध्ये या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन केले.

अंबिलोबेहून त्याच रस्त्याने नैर्ऋत्येला अंबांजाकडे निघालात, की कोकोच्या बागा लागतात आणि सरड्यांचा रंगही बदलतो. इथला नर निळसर हिरवा, त्यावर गडद निळे-जांभळे पट्टे. समोरच्या नोसी बे या बेटावरचा नर जवळपास एकरंगी, पाचूसारखा हिरवा किंवा निळसर. अंकारामीच्या परिसरात तर गुलाबी नर सापडतात. पूर्व किनाऱ्यावर, व्हॅनिलाच्या मुलखात, सांबावाचा नर एरवी हिरवा असतो आणि चिडला की लाल-नारिंगी होतो. आणखी दक्षिणेला तामाताव्ह बंदराकडे लालसर आणि पांढुरक्या नक्षीचे नर. नर पाहून तो कुठल्या गावचा, हे जाणकार माणूस बऱ्याचदा अचूक सांगतो. माद्यांच्या बाबतीत मात्र त्याची पंचाईत होते, कारण सगळीकडच्या माद्या साधारण सारख्याच: मातकट, फिकट गुलाबी किंवा पिवळट तपकिरी.

हे एकाच जातीचे वेगवेगळे रंग, की जातीच वेगळ्या? जिनिव्हा विद्यापीठातल्या मिशेल मिलिन्कोविच यांच्या गटाने मादागास्करमधल्या सहकाऱ्यांबरोबर बेटाच्या या पट्ट्यात फिरून ३२४ सरड्यांच्या रक्ताचा एकेक थेंब घेतला, प्रत्येकाचे फोटो काढले आणि त्यांना जागेवर सोडून दिले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की जनुकांच्या हिशेबाने यांचे ११ वेगळे गट पडतात, ते भूगोलाप्रमाणे वाटले गेले आहेत आणि त्यांच्यात आपसात संकर फारसा होत नाही. या अकरांना स्वतंत्र जाती मानावे, असे त्यांनी सुचवले. नुसत्या फोटोतल्या रंगांवरूनही नराचा गट ठरवता येतो, हेही त्यांनी दाखवले. पुस्तकांतून अजून या सगळ्यांना एकच जात मानतात, म्हणून या प्रकरणातही तसेच धरू.

पुढे जाण्याआधी एक घोळ निस्तरायला हवा. आपल्या परसात, कुंपणावर, रस्त्याच्या कडेच्या दगडावर डोके वरखाली करणारा, विणीच्या काळात ज्याचा गळा लालभडक होतो तो सरडा शॅमेलिऑन नव्हे. तो बागसरडा, निराळ्या कुळातला. त्याची जीभ लांब सुटत नाही, दोन डोळे दोन दिशांना फिरत नाहीत. भारतात खरा शॅमेलिऑन एकच आहे: सरडगुहिरा. तो महाराष्ट्रातही आढळतो, पण झाडावरून खाली क्वचित उतरतो, हालचाल कमी, रंग पानांचा, त्यामुळे दिसतो फार कमी. दिसला की माणसे घाबरतात. विषारी आहे, असे ठामपणे सांगणारा कुणीतरी प्रत्येक गावात असतो, आणि त्यापायी तो मारलाही जातो. जगातला एकही शॅमेलिऑन विषारी नाही. या कुळाच्या २०० हून अधिक जाती आहेत, त्यांतल्या जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्करात. जनुकांचा अभ्यास सांगतो, की हे कूळ आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर जन्मले आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी दोनदा समुद्र ओलांडून बेटावर पोचले, बहुधा पुरात वाहून गेलेल्या झाडांच्या गुंत्यावर बसून. पाण्याला घाबरणाऱ्या प्राण्याने केलेला हा प्रवास कल्पनेत आणून पाहावा.

पूर्ण वाढलेला पँथर नर नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत ४० ते ५० सेंटिमीटर भरतो. त्यातली जवळजवळ निम्मी लांबी शेपटीची, म्हणून वजन बेताचेच, दीडशे ग्रॅमच्या आसपास. मादी बरीच लहान आणि हलकी. नराच्या नाकाडाच्या दोन्ही बाजूंना हाडाची कड पुढे आलेली असते, त्यामुळे चेहऱ्याला एक अरेरावीची छटा येते. अंग दोन्ही कुशींनी चपटे. हा आकार फांदीवर तोल सांभाळायला सोयीचा. शिवाय उन्हाकडे कूस केली की सगळे अंग लवकर तापते, आणि अंगाची कड शत्रूकडे केली की तो काडीएवढा दिसतो.

पाय पाहिले की हा प्राणी जमिनीसाठी नाहीच, हे कळते. पाच बोटे दोन जुडग्यांत चिकटलेली असतात. पुढच्या पायाला आतल्या बाजूला तीन आणि बाहेर दोन, मागच्या पायाला उलट, आत दोन आणि बाहेर तीन. चारही पाय म्हणजे चार चिमटे. शेपूट पाचवा. ती फांदीला वेढे घालून धरते, आणि पालीप्रमाणे तुटून पुन्हा उगवत नाही. ती गेली तर गेलीच. चाल संथ आणि डुलती: पाय उचलायचा, पुढेमागे झुलायचे, मग टेकायचा. वाऱ्याने पान हलते तशी ही हालचाल दिसते, आणि लपण्याचे काम बहुधा तीच करते. बाहेरून कान दिसत नाहीत. खर्जातले आवाज त्याला थोडेफार कळतात, पण फांदीतून येणारी थरथर तो फार चांगली ओळखतो.

डोळ्यांचा कारभार याहून विचित्र. दोन्ही पापण्या एकमेकींना जुळून एक शंकू झालेला असतो, त्याच्या टोकाला बाहुलीपुरते भोक. प्रत्येक डोळा आपापला फिरतो, त्यामुळे मान न हलवता मागचे-पुढचे जवळजवळ सगळे दिसते. इतका डोळा फिरायचा, तर त्याच्यामागचा चेतातंतू ताणला जाऊन तुटायला हवा. तो लांब असतो आणि वेटोळे घालून बसलेला असतो, हे अलीकडच्या क्षकिरण चित्रणांतून स्पष्ट झाले आहे. एरवी दोन डोळे दोन गोष्टी पाहत असतात. पण किडा दिसला की दोघेही त्याच्यावर रोखले जातात आणि अंतराचा अंदाज घेतला जातो. आपण दोन डोळ्यांच्या चित्रांतल्या फरकावरून अंतर ओळखतो. शॅमेलिऑन भिंगाच्या फोकसवरून ओळखतो, म्हणजे कॅमेऱ्याचे भिंग जुळवताना अंतर कळते त्या तत्त्वावर. त्याच्या डोळ्याची रचना त्यासाठी इतकी वेगळी आहे, की बाहुलीमागचे भिंग प्रकाश एकत्र आणण्याऐवजी पसरवते आणि पाहिलेली वस्तू जाळपटलावर मोठी उमटते. इतर पृष्ठवंशी प्राण्यांत असे भिंग आढळत नाही.

मादागास्करच्या लोकांनी या डोळ्यांवरून एक म्हण केली आहे: चालावे तर शॅमेलिऑनसारखे, एक डोळा पुढे आणि एक मागे ठेवून.

आता जीभ. याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण इथे निसर्गाने स्नायूंच्या मर्यादेला बगल दिली आहे. कुठलाही स्नायू आकुंचन पावायला काही ठरावीक वेळ घेतो, आणि शॅमेलिऑनची जीभ त्याहून कितीतरी वेगाने सुटते. मग ऊर्जा येते कुठून? उत्तर आहे गलोल. घशाच्या तळाशी एक टोकदार हाड असते. त्यावर जिभेचा नळीसारखा स्नायू चढवलेला असतो, आणि हाड व स्नायू यांच्यामध्ये चिवट कोलॅजेनच्या एकात एक बसलेल्या कितीतरी पातळ नळ्या. नेम धरताना सरडा तोंड किंचित उघडतो, जिभेचे टोक ओठांच्या बाहेर येते. या क्षणी स्नायू हाडाला आवळत असतो आणि त्या नळ्या लांब ताणल्या जात असतात. म्हणजे काम आधीच, सावकाश चालू झालेले असते. मग स्नायू पुढे सरकून हाडाच्या गोलसर टोकावर येतो, नळ्यांना धरून ठेवायला काही उरत नाही, आणि साठवलेली सगळी ऊर्जा एकदम मोकळी होते. २००४ मध्ये नेदरलँड्समधले दे ग्रूट आणि व्हान लेउवेन यांनी ही रचना उलगडून दाखवली.

जीभ शेपूट वगळता अंगाच्या दीडपट ते दुप्पट अंतरापर्यंत जाते. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात क्रिस्टोफर अँडरसन यांनी वेगवेगळ्या आकारांच्या शॅमेलिऑनांचे सेकंदाला हजारो चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्याने चित्रण केले. २०१६ मध्ये त्यांनी नोंदवले, की लहान जातींची जीभ तुलनेने अधिक जोरकस असते: टांझानियाच्या एका बोटभर सरड्याच्या जिभेचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या २६४ पट भरले. पँथर शॅमेलिऑन मोठा, म्हणून त्याचा आकडा कमी. पण आपल्या डोळ्यांना त्याने काही फरक पडत नाही. आपल्याला दिसते ते एवढेच, की किडा होता आणि आता नाही.

या गलोलीचा एक अनपेक्षित फायदा आहे. थंडीत स्नायू मंदावतात, ताणलेले कोलॅजेन मात्र फारसे मंदावत नाही. म्हणून गार सकाळी, इतर सरडे ऊन अंगावर घेत निपचित पडलेले असताना, शॅमेलिऑन तितक्याच झोकात जीभ सोडू शकतो. परत ओढण्याचे काम स्नायूंचेच, ते थंडीत रेंगाळते.

किडा चिकटतो कशाने? २०१६ मध्येच बेल्जियममधल्या संशोधकांनी जिभेच्या टोकावरची लाळ मोजली. ती माणसाच्या लाळेपेक्षा सुमारे ४०० पट घट्ट आहे. तिच्या जोडीला जिभेचे टोक भक्ष्याला लागता लागता आत ओढले जाऊन खळगा होतो आणि पकड बसते. त्यामुळे स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके जड भक्ष्यही तो ओढून आणू शकतो.

खाण्यात नाकतोडे, रातकिडे, माश्या, पतंग, भुंगेरे, झुरळे, काडीकिडे आणि कोळी. मोठा नर कधी छोटी पालही गिळतो. दात जबड्याच्या कडेलाच बसवलेले, झिजले की नवे येत नाहीत, त्यामुळे चावणे म्हणजे किड्याचे कवच फोडण्यापुरते. शिकारीची पद्धत बसून राहण्याची. एक फांदी धरायची, डोळे फिरवत राहायचे, काही न आल्यास चार पावले पुढे. पाणी तो पानांवरचे थेंब चाटून पितो. वाटीत भरून ठेवलेले पाणी त्याला पाणी म्हणून ओळखूच येत नाही, असे पाळणारे सांगतात. पाऊस आणि दव हेच त्याचे पाणवठे. बेटाच्या उत्तर आणि पूर्व किनाऱ्याच्या दमट, उष्ण, सखल पट्ट्यातच हा प्राणी का राहतो, याचे एक उत्तर त्यात आहे.

ऊन त्याला नुसते ऊब मिळवायला लागत नाही. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करायला उन्हातले अतिनील किरण लागतात, हे आपल्यासारखेच. पण टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठातल्या प्रयोगांत असे दिसले, की पँथर शॅमेलिऑन याचा हिशेब ठेवतो: खाण्यातून ड जीवनसत्त्व कमी मिळाले तर तो अतिनील प्रकाशात जास्त वेळ बसतो, भरपूर मिळाले तर सावलीत सरकतो. औषधाच्या दुकानातून गोळ्या घेणाऱ्या आपल्याला ही जाण असती तर बरे झाले असते.

आणि आता ज्यासाठी हा प्राणी प्रसिद्ध आहे, तो रंगबदल. आधी गैरसमज. हिरव्या पानावर ठेवला की हिरवा, लाल कापडावर ठेवला की लाल, बुद्धिबळाच्या पटावर ठेवला की चौकटीचौकटीचा, या सगळ्या गप्पा आहेत. शॅमेलिऑन खालच्या वस्तूचा रंग उचलत नाही. शांत असताना त्याचा जो रंग असतो तोच लपण्याचा रंग, आणि तो जन्मतः मिळालेला. नोसी बेचा हिरवा नर पानांत दिसत नाही, त्यासाठी त्याला काही करावे लागत नाही. तो रंग बदलतो तेव्हा उलट दिसू लागतो, डोळ्यांत भरतो. दक्षिण आफ्रिकेतल्या बुटक्या शॅमेलिऑनांच्या २१ गटांचा तौलनिक अभ्यास ऑस्ट्रेलियाच्या डेव्ही स्टुअर्ट-फॉक्स आणि दक्षिण आफ्रिकेचे अदनान मुसल्ली यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या जातींचे रंग जास्त बदलतात त्यांचा परिसर अधिक रंगीबेरंगी असतो, असे काही त्यांना आढळले नाही. आढळले ते हे, की त्यांचे आपसातले इशारे अधिक ठळक असतात. म्हणजे हे कसब स्वजातीयांशी बोलण्यासाठी वाढले.

निवडणुका जवळ आल्या की आपल्याकडे पक्षांतर करणाऱ्या पुढाऱ्याला सरड्याची उपमा मिळते. सरड्यावर हा अन्याय आहे. पुढारी मनातले लपवायला रंग बदलतो. हा बिचारा मनात जे आहे ते लगेच अंगावर लिहून मोकळा होतो.

रंग बदलतो कसा, याचे पूर्वी पाठ असलेले उत्तर होते रंगद्रव्याच्या पेशी. त्यांतले रंगद्रव्य पसरले की रंग गडद, गोळा झाले की फिका. गडद-फिक्यापुरते हे खरे आहे. काळ्या रंगद्रव्याच्या पेशी तसेच वागतात. पण हिरव्याचा पिवळा होण्याचा उलगडा त्यातून होत नव्हता. तो २०१५ मध्ये झाला, जिनिव्हाच्याच प्रयोगशाळेत आणि याच पँथर शॅमेलिऑनवर. त्याच्या त्वचेत एका विशिष्ट प्रकारच्या पेशींचा थर असतो. या पेशींत ग्वानीनचे अतिसूक्ष्म स्फटिक ओळीने, एखाद्या जाळीसारखे रचलेले असतात. माशांच्या खवल्यांवरची चकाकी याच पदार्थाची. स्फटिक स्वतः रंगहीन असतात. त्यांच्यामधले अंतर किती, यावर कुठला प्रकाश परत फिरणार हे ठरते. जाळी घट्ट असली की निळा प्रकाश परततो. त्याच्या वरच्या थरात पिवळे रंगद्रव्य असते, त्यातून निळा आला की आपल्याला हिरवा दिसतो. नर उत्तेजित झाला की जाळी सैलावते, स्फटिक एकमेकांपासून दूर जातात आणि परतणारा प्रकाश निळ्याकडून पिवळ्या-नारिंगीकडे सरकतो. हिरवा नर पिवळा होतो, निळे पट्टे पांढुरके पडतात, मुळातला लाल अधिक झळकतो. यात नवे रंगद्रव्य काही तयार होत नाही. सगळा खेळ अंतराचा, आणि तो काही मिनिटांत पुरा होतो.

संशोधकांनी याची खातरजमा फार साध्या युक्तीने केली. त्वचेचा तुकडा मिठाच्या कमीअधिक तीव्रतेच्या पाण्यात ठेवला. पेशी फुगल्या वा आक्रसल्या तशी जाळी बदलली आणि पेशीचा रंग डोळ्यांदेखत सरकत गेला. या थराखाली आणखी एक थर असतो, त्यातले स्फटिक मोठे आणि विस्कळीत. तो अवरक्त किरण, म्हणजे उन्हातली उष्णता, परतवतो. तापत्या उन्हात उघड्यावर बसणाऱ्या प्राण्याला त्याचा उपयोग होत असावा. माद्या आणि पिल्ले यांच्यात वरचा थर नीट वाढलेला नसतो. रंगांचा तमाशा करायचे यंत्रच त्यांच्याकडे अपुरे.

दोन नर समोरासमोर आले की हे यंत्र कामाला लागते. दोघेही कूस दाखवतात, अंग चपटे करून जितके मोठे दिसता येईल तितके दिसतात, शेपूट गुंडाळतात आणि रंग चढवू लागतात. बऱ्याचदा मामला इथेच मिटतो. येमेनकडच्या एका शॅमेलिऑनवर अमेरिकेत झालेल्या निरीक्षणांत असे दिसले, की ज्याच्या अंगावरचे पट्टे अधिक उजळ तो पुढे सरसावतो, आणि ज्याच्या डोक्याचा रंग अधिक उजळ व अधिक वेगाने पालटतो तो जिंकतो. हरणारा झरझर काळपटतो. ते काळे पडणे म्हणजे 'सोडून दे, मी निघालो' असा अर्ज, आणि समोरचा तो बहुधा मंजूर करतो. तरीही जमले नाही तर मात्र चावाचावी होते, आणि त्यात जबडा मोडण्यापर्यंत वेळ येते.

मादीचे बोलणे थोडक्यात असते, पण त्यात शंकेला जागा नसते. नर डोके झटकत, रंग उजळत जवळ येतो. ती राजी असेल तर आपल्या फिकट गुलाबी रंगातच राहते. गर्भार असेल किंवा मनात नसेल, तर काळपट तपकिरी होते, त्यावर नारिंगी-गुलाबी ठिपके आणि पट्टे उमटतात, तोंड वासते आणि अंग झुलवते. मीलनानंतर हा गडद पेहराव ती अंडी घालेपर्यंत ठेवते, आणि भेटणाऱ्या प्रत्येक नराला तो लांबूनच वाचता येतो.

तीन ते सहा आठवड्यांनी ती झाडावरून उतरते. तिच्या आयुष्यातले हे सगळ्यांत धोक्याचे काम, कारण जमिनीवर तिच्या चिमट्यांना धरायला काही नसते. ओलसर, भुसभुशीत जागा पाहून ती बोगदा खणते, त्यात १० ते ४० अंडी घालते, माती लोटून जागा सपाट करते आणि निघून जाते. शुक्राणू अंगात साठवून ठेवता येत असल्यामुळे नराची पुन्हा गाठ न पडताही ती आणखी एकदा अंडी घालू शकते. या कष्टांचा हिशेब आयुष्यातून वळता होतो. निगराणीत ठेवलेला नर पाच-सात वर्षे जगतो, विणाऱ्या माद्या दोन-तीन वर्षांत संपतात. जंगलात दोघांनाही याहून कमी काळ मिळतो. नोसी बेवर इटलीच्या फ्रांको आंद्रेओने यांच्या चमूने हाडांतल्या वाढीच्या वलयांवरून वये काढली, तेव्हा बहुतेक सरडे एक-दोन वर्षांचेच निघाले.

अंडी जमिनीत सहा महिने ते वर्षभर राहतात. आत गर्भ काही काळ वाढ थांबवून ठेवतो आणि हवामान सोयीचे झाले की पुढे सरकतो. बाहेर पडलेल्या पिल्लाचे वजन एक ग्रॅमही नसते. पहिल्या दिवसापासून त्याला जीभ सोडता येते, फांदी धरता येते, आणि शिकवायला कोणी नसते. वर्षाच्या आत ते स्वतः वयात येते.

याच वंशातला फुर्सिफर लाबोर्डी हा त्याचा नैर्ऋत्येकडचा भाऊबंद यापुढची पायरी गाठतो. तिथल्या रखरखीत प्रदेशात तो नोव्हेंबरच्या पावसाबरोबर अंड्यातून निघतो, दोन महिन्यांत वयात येतो, भांडतो, जुगतो, आणि चार-पाच महिन्यांत मरतो. उरलेले आठ-नऊ महिने पृथ्वीवरची त्याची जवळजवळ सगळी पिढी फक्त अंड्यांच्या रूपात मातीखाली असते. इतके तोकडे आयुष्य असलेला दुसरा चतुष्पाद प्राणी माहीत नाही, असे २००८ मध्ये त्याच्या अभ्यासकांनी लिहिले. त्याचा जवळचा नातेवाईक फुर्सिफर फोल्ट्स्कोव्ही १९१३ नंतर कुणालाच दिसला नव्हता. २०१८ मध्ये तो वायव्येला एका हॉटेलच्या आवारातल्या झाडांवर सापडला. तो जंगलात खोल कुठेतरी असेल म्हणून शोधणाऱ्यांना हा टोलाच होता.

पँथर शॅमेलिऑनचेही तसेच. नोसी बेवरच्या मोजणीत तो घनदाट जंगलापेक्षा रस्त्याच्या कडेला जास्त सापडला. तोडलेले रान, कॉफी-कोकोचे मळे, घरामागची झुडपे त्याला चालतात, कारण ऊन आणि किडे दोन्ही तिथे मुबलक. मादागास्करचे बहुतेक वन्यजीव जंगलाबरोबर हटत असताना हा टिकून आहे, आणि धोक्यात असलेल्या जातींच्या यादीत त्याचे नाव नाही. त्याचे वैरी म्हणजे झाडांवरचे साप, शिकारी पक्षी आणि अलीकडे मोटारी. रात्री तो फांदीच्या अगदी टोकाला झोपतो, म्हणजे साप आला तर फांदी आधी हलेल. झोपेत रंग फिकट पडतो आणि विजेरीच्या झोतात तो पानांतून उठून दिसतो. पर्यटकांना शॅमेलिऑन दाखवणारे वाटाडे म्हणूनच रात्री निघतात. स्थानिक माणसे स्वतः त्याला हात लावायला कचरतात. बेटावर जिथे तिथे 'फादी', म्हणजे निषिद्ध गोष्टींचे नियम असतात, आणि कित्येक ठिकाणी शॅमेलिऑन त्यात मोडतो. भीतीने मारला जाण्यापेक्षा भीतीने टाळला जाणे त्याच्या पथ्यावर पडले आहे.

पकडला जातो तो बाहेरच्या मागणीपायी. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइटिस कराराने १९९५ मध्ये मादागास्करच्या मोठ्या शॅमेलिऑनांची निर्यात थांबवली, पण चार जाती वगळल्या, आणि त्यांत पँथर होता. त्याच्यासाठी वर्षाला ठरावीक संख्या बांधून दिली जाते. ही संख्या संपूर्ण जातीसाठी असते. खरेदीदार मात्र गाव पाहून निवडतो, आणि त्याचे मन असते ते अंबिलोबे, अंबांजा, नोसी बेच्या नरांवर. अकरा गटांचा निष्कर्ष मान्य करायचा, तर असा एकत्रित आकडा फारसा उपयोगाचा नाही. आता बाजारातले बरेचसे प्राणी पिंजऱ्यात जन्मलेले असतात. भारतातही परदेशी सरडे पाळण्याची हौस पसरते आहे. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइटिसच्या यादीतला प्राणी बाळगायचा तर सरकारदरबारी नोंद करावी लागते. हात लावलेला न आवडणारा, शेजारी दुसरा सरडा दिसला तरी सतत तणावात राहणारा, उष्णता, दमटपणा आणि अतिनील दिवे यांत जरा चूक झाली की हाडे मऊ पडणारा हा प्राणी घरात ठेवण्याची कल्पना मला तरी पटत नाही.

माणसाच्या हाताने तो आणखी एका दिशेला गेला आहे. मादागास्करच्या पूर्वेला सातआठशे किलोमीटरवर असलेल्या रेयुनियों बेटावर तो बाहेरून आणला गेला आणि मोकळ्यावर स्थिरावला. तिथल्या लोकांनी त्याच्या संथपणावरून त्याचे नाव 'झोपाळू' अशा अर्थाचे ठेवले आहे. पलीकडच्या मॉरिशसमध्ये, जिथे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, तिथेही त्याच्या नोंदी आहेत. बाहेरून आलेल्या प्राण्यांकडे बेटांवर सहसा संशयाने पाहिले जाते आणि त्यांना हटवण्यावर पैसा खर्च होतो. रेयुनियोंवर मात्र या पाहुण्याला कायद्याने संरक्षण दिले आहे, आणि तिथल्या बागांमध्ये तो निर्वेधपणे नाकतोडे टिपत असतो.